नावापुरते

अंतोऱ्याला बंदर होते. पेणचा माल तिथे होडीत चढे. तांदूळ जाई, मीठ जाई. भरतीची वेळ पाहून बैलगाड्या निघत. आता अंतोरे गाव आहे, खाडी आहे. बंदर बोलण्यात आहे.

धरमतरला मुंबईहून आगबोट येई. उतारू उतरून अलिबागच्या, पेणच्या वाटेला लागत. खाडीत आता बार्ज येतात. त्यांत उतारू नसतात.

पेणच्या पश्चिमेला खारेपाट. खाडीकडून काढून घेतलेली जमीन, म्हणजे खार. बांधाच्या आत भात, बांधाच्या बाहेर उधाण. बांध गावाने राखायचा. या व्यवस्थेला जोळ म्हणत. ज्याचे शेत आत, त्याच्या घरचा माणूस कामावर. माती, दगड, पेंढा, तिवराच्या फांद्या. पावसाआधी बांधावरून चालत जाऊन चिंबोऱ्यांची बिळे शोधायची आणि बुजवायची. चिंबोरीच्या बिळातून पाणी झिरपते, मोठ्या उधाणाला तिथेच बांध फुटतो. फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. रात्री ‘खांड गेली’ अशी हाक आली की कोणाच्या शेतासमोर गेली, हे विचारायला वेळ नसे. टोपल्या घेऊन सगळे निघत.

१९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला. १९७९ साली दुसरा झाला. बांध सरकारी योजनेत गेले. योजनेला अंदाजपत्रक लागते, मंजुरी लागते, निविदा लागते. उधाण तिथीवर येते. जोळ मोडले. शब्द म्हाताऱ्यांना माहीत आहे.

खारात राता पिके. तांबड्या दाण्याचे भात, खारे पाणी सोसणारे. बी भिजवून त्याला मोड आणत आणि चिखलात फेकत. याला रहू म्हणत. लावणीची गरज नसे. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने नवे वाण दिले. त्यांना पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी नावे आहेत. त्यांचे दाणे पांढरे. रात्याचे बी आता विचारत फिरावे लागते.

खांड गेली आणि बुजली नाही, तिथे पहिल्या वर्षी भात जळाले. उन्हाळ्यात जमीन पांढरी झाली. नंतर तिवराची रोपे आली. आधी गुडघ्याएवढी, मग माणसाएवढी. तिवर हा गावातला शब्द. कागदावर कांदळवन. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली. २०१८च्या निकालाने ती कायम झाली. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे. जागेवर तिवर. मालकाला कोयता घेऊन आपल्या शेतात उतरता येत नाही.

तिवरात कोल्हे आले. चिंबोऱ्यांवर जगतात. दिवेलागणीला त्यांची कुई गावात ऐकू येते. बगळे आले, खंड्या आले, थंडीत दूरदेशीचे पाणपक्षी चिखलात उतरतात. रविवारी दुर्बिणी घेऊन माणसे येतात. बांधावर उभी राहतात आणि वहीत पक्ष्यांची नावे लिहितात. वहीत तारीख असते, वेळ असते, भरती-ओहोटी असते. ज्या खाराच्या बांधावर उभे राहायचे, त्या खारालाही नाव होते. ते वहीत नसते.

गावतळ्यात जिताडा मासा वाढवत. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्ले आणायची आणि तळ्यात सोडायची. वर्ष-दोन वर्षे विसरायचे. जावई आला की तळ्यात जाळे पडे. कचेरीतली अडलेली कामे जिताड्याने सुटत, असे जुनी माणसे हसत सांगतात. कितीतरी तळ्यांना आता सिमेंटचा कठडा आहे, बाके आहेत. जिताडा हॉटेलच्या फळ्यावर असतो. दर खडूने लिहिलेला असतो. रोज पुसून नवा लिहितात.

मिठागरे मिटली. काहींच्या जागी तिवर, काहींच्या जागी भराव. मीठ पाटीने विकले जाई. नारळाच्या बुंध्यात घालत, मासे खारवत, लोणचे घालत. २००६ पासून आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकता येत नाही. मिठागरावर काम केलेल्यांच्या घरात मीठ पिशवीतून येते.

पेणचे पोहे अजून पेणचे आहेत. पापडही.

इरले गेले. बांबूच्या कामट्या विणून त्यात पाने भरत. डोक्यावरून पाठीवर उतरे. वाकून लावणी करताना हात मोकळे राहत, पाठ कोरडी राहत असे. प्लास्टिकचा कागद आला. तो स्वस्त आणि हलका. पाठ ओली होते. एखादे इरले हल्ली रिसॉर्टच्या भिंतीवर टांगलेले दिसते.

कारवीचे कुड गेले. कारवीच्या काठ्या उभ्या विणायच्या, वरून शेणमातीने लिंपायचे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि वाळते. वाळलेली कारवी डोंगरातून भारे बांधून उतरे. कारवी अजून फुलते. आता फुले पाहायला गाड्या येतात.

कुडाबरोबर भोके गेली. वाशाच्या टोकाला, कौलाखाली, तसबिरीमागे चिमणीचे घरटे असे. वर्षातून एकदा तसबीर काढून गवत झाडत. सिमेंटच्या भिंतीवर तसबीर चपटी बसते. शाळांतून मुले पुठ्ठ्याची, फळ्यांची घरटी करतात आणि २० मार्चला, चिमणी दिनाला, व्हरांड्यात टांगतात. काहींत चिमण्या येतात. काहींत मुंग्या.

विहिरीवरचे रहाट गेले. काठाला दोराने पडलेल्या खाचा आहेत. रेवदंड्याच्या डॉ. श्री. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानाचे श्रीसदस्य गावोगाव विहिरींचा गाळ काढतात. सकाळी रांग लावतात, घमेले हातोहात वर जाते. त्याचे पैसे घेत नाहीत. गाळात जुने पोहरे निघतात, घागरींचे काठ निघतात. पाणी निवळते. वर जाळी बसवतात. प्यायला नळ आहे.

हेटवण्याचे धरण पेण तालुक्यात आहे. त्याचे पाणी नवी मुंबईलाही जाते. या धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावे महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रात जाणार होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या गावांत सेझवर जनमत घेण्यात आले. सेझ आला नाही. जमीन राहिली. रस्त्याकडेला ‘प्लॉट विकणे आहे’ अशा पाट्या आहेत.

बैल गेले. चिखलणी पॉवर टिलर करतो. एक दिवसाचे काम दोन तासांत होते. पहाटे औताला जुंपताना घातलेल्या हाका त्याबरोबर गेल्या. बैलाला डावा-उजवा कळे. डाव्या जागेचा बैल उजवीकडे जुंपला तर चालत नसे. पेंढा रचून ठेवण्याची घाई राहिली नाही. गोठ्यात मोटारसायकल असते. गव्हाण आहे. तिच्यात हेल्मेट ठेवतात.

ढोर मेले की गावाबाहेर ठरलेल्या माळावर टाकत. तासाभरात आकाशात ठिपके दिसत. गिधाडे खाली येत. दुसऱ्या दिवशी हाडे उरत. नव्वदच्या दशकात ठिपके कमी झाले. आजारी जनावराला डायक्लोफिनॅक टोचत. जनावर मेले तरी औषध मांसात राही. ते खाऊन गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. मान खाली घालून झाडावर बसून राही, मग पडे. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर माळावर कुत्री आली होती.

म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. तिथल्या जंगलात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची थोडी घरटी उरली होती. महाडच्या सीस्केप संस्थेच्या लोकांनी ती राखायला घेतली. कुठे ढोर मेले याची खबर ठेवायची. मालकाला विचारायचे. औषध दिले होते का, हेही विचारायचे. मग टेम्पो ठरवायचा आणि डोंगरात नेऊन टाकायचे. वासामुळे टेम्पोवाला सहजी तयार होत नाही. घरट्यांखाली पडलेली पिल्ले उचलून जगवायची. हे काम फक्त सुट्टीच्या दिवशी करून भागत नाही. ढोर तिथी-वार पाहून मरत नाही. घरटी पुन्हा दिसू लागली.

आता ढोरेच कमी आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि आत शिरले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आंबे मुळासकट उपटले. विजेचे खांब वाकले. कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. मोठी झाडे पडली की ढोल्याही पडतात. धनेशाला ढोली लागते. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते, नर फटीतून फळे भरवतो. कोलाड, सुतारवाडीकडे धनेश दिसतो. वादळानंतर कलमांची रोपे वाटली गेली. ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते.

खैराच्या गाभ्यापासून कात काढत, ते कातकरी. चुली पेटवून, लाकडाचे तुकडे उकळून. कात काढणे कधीच संपले. जातीच्या दाखल्यावर शब्द आहे. दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात. माणसे वीटभट्टीवर जातात, कोळसाभट्टीवर जातात. मुले बरोबर जातात. दाराला काटकी अडकवलेली असते. पावसाच्या तोंडाला परत येतात. पहिल्या पावसानंतर पेणच्या, रोह्याच्या बाजारात बायका शेवळे घेऊन बसतात. जुडीबरोबर काकडे देतात. ती शेवळ्यांच्या भाजीत न घातल्यास घसा खवखवतो. शेवळे कुठे उगवतात हे बायकांना माहीत असते. एखाद्या वर्षी त्या जागेला तारेचे कुंपण असते.

वलगणीचे मासे कमी झाले. पहिल्या मोठ्या पावसात नदीचे मासे ओहोळातून वर शेतात चढत. रात्री बत्ती, कोयता, टोपली घेऊन माणसे बाहेर पडत. मासे अंडी घालायला चढत असत, हेही खरे. ओहोळावर आता पाइप टाकून रस्ता गेला आहे. पाइपाचे तोंड पाण्याच्या वर असते.

पोपटी उरली. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडके, शेतातला जाळ. थंडी असते, वाल भरलेला असतो. मडक्याऐवजी पत्र्याचा डबा आला. शेंगांबरोबर अंडी आली, कोंबडी आली. पोपटीची आगाऊ नोंदणी होते.

हमरापूर, जोहे, कळवे. या गावांत घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडतात. शाडू गोण्यांतून गुजरातेतून येई. भिजवायचा, मळायचा, साच्यात दाबायचा, सावलीत सुकवायचा. पावसाळ्यात सुकायला वेळ लागे. पीओपी तासाभरात घट्ट होते आणि वजनाला हलके. बहुतेक कारखाने तिकडे वळले. नंतर बंदी आली, मुदत आली, कोर्टकज्जे झाले. शाडू मागून घेणारी गिऱ्हाइके पुन्हा येतात. डोळ्यांची आखणी मात्र कशाचीही मूर्ती असो, हातानेच होते. आखणी करणारा त्या वेळी बोलत नाही.

मुंबई-गोवा रस्ता रुंद करण्याचे काम २०११ साली सुरू झाले. कडेचे वड गेले. वडाखाली एसटीचे थांबे होते. थांब्यांची नावे वडावरून होती. कंडक्टर अजून त्याच नावाने घंटी मारतो.

घरात साप निघाला की काठी शोधत. आता फोनमध्ये नंबर शोधतात. मुलगा मोटारसायकलवरून येतो. दिवसा दुसरीकडे नोकरी करतो. हातात आकडी असते, पाठीवर पिशवी. घोणस, फुरसे, मण्यार, नाग. बिनविषारी असले तरी येतो. पेट्रोल स्वतःचे. घरातले चहा देतात. साप पिशवीत गेल्यावर तो मोजमाप लिहितो, जागा लिहितो, कुठे सोडला ते लिहितो आणि वनखात्याला कळवतो. नाग मारून जाळताना तोंडात तांब्याचे नाणे घालत. तेही गेले.

फणसाड हे जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान. १९८६ साली अभयारण्य झाले. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरले आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाणावर माणसे बसतात. वनखात्याची असतात, हौसेने आलेलीही असतात. बोलायचे नाही, विडी ओढायची नाही, अत्तर लावायचे नाही. चांदण्यात पाण्यावर येईल ते मोजायचे. भेकर येते, रानडुक्कर येते, साळिंदर येते. शेकरू दिवसा दिसते. कधी बिबट्या येतो. सकाळी नोंदींचे कागद गोळा करतात.

बिबट्याला गावात वाघ म्हणतात. १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वाघ वेगळा नोंदला आहे, बिबट्या वेगळा. कुलाब्याचे रायगड झाले १९८१ साली. तोवर वाघ उरला नव्हता. डोंगरालगतच्या वाड्यांवर दिवाळीच्या तोंडाला वाघबारस येते. गुराखी वेशीवर जातात. गुरे थोडी असली तरी जातात. दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, नैवेद्य ठेवतात.

दगड वाघाचा आहे.