टिरेटा बाजारातली सकाळ

बेंटिंक स्ट्रीटवरची बुटांची दुकानं अजून उघडलेली नसतात. एकेकाळी इथे चिनी कारागिरांची दुकानं ओळीने होती. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयावरून चालत पोद्दार कोर्टापाशी आलं की आधी वाफ दिसते, मग माणसं. सहा वाजून गेलेत आणि कोलकात्याचा टिरेटा बाजार ऐन भरात आहे.

पालेभाजीवाले आणि मासळीवाले यांच्या मधल्या जागेत टेबलं मांडलेली. त्यांवर मोदकपात्रासारखी ॲल्युमिनियमची भांडी एकावर एक चढवलेली. एका आजींनी झाकण उचललं. पांढरेशुभ्र बाव, म्हणजे सारण भरून वाफवलेले पाव, माथ्यावर चुण्या ओढून चिमटलेले. एकाची चुणी सुटली होती, तिथून आतल्या डुकराच्या मांसाचा रस झिरपून पिठावर तपकिरी ओघळ उतरला होता. मी तोच मागितला. शेजारच्या टेबलावर माशाच्या गोळ्यांचं सूप, वर मिरपूड आणि चिमूटभर कोथिंबीर. आजी गिऱ्हाइकाशी बंगालीत बोलतात, माझ्याशी हिंदीत आणि मागे बसलेल्या बहिणीशी हाक्का बोलीत. तिन्ही भाषांत हिशेब मात्र तितकाच चोख.

ही चिनी वस्ती व्यवसायांवर उभी राहिली. हाक्का लोक चामड्यात आणि बुटांत, कँटनकडचे सुतारकामात, हूबेचे दातांच्या डॉक्टरकीत. शहराच्या पूर्वेकडच्या टांग्राच्या दलदलीत हाक्कांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते शहराबाहेर हलवायला सांगितल्यावर तिथे हॉटेलंच जास्त उरली. त्याच टांग्रात एक काली मंदिर आहे, तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. मला हे मनापासून आवडतं. आलेल्या माणसाने इथली देवी आपली मानली आणि आपल्या घरात शिजतं तेच तिच्यापुढे ठेवलं.

आपलाही या गल्ल्यांशी संबंध आहे. मुंबईत 1975 च्या सुमारास चिकन मंच्युरियन पहिल्यांदा करणारे म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते नेल्सन वांग मूळचे कोलकात्याचेच. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर लाल अक्षरांची चायनीजची गाडी उभी असते, तिचं माहेर इकडे आहे.

आणि तरीही याच लोकांना आपण 1962 मध्ये शत्रू ठरवलं. भारत-चीन युद्ध सीमेवर चाललं होतं आणि पोलीस इथे दारं ठोठावत होते. भारतात जन्मलेली, कित्येक पिढ्या इथे राहिलेली माणसं केवळ चेहऱ्यावरून आणि आडनावावरून उचलली गेली. कोलकात्यातून, आसामातून, दार्जिलिंगकडून. जवळपास तीन हजार जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं, त्यांत म्हातारे होते आणि तान्ही मुलंही. काही जण 1967 पर्यंत तिथेच होते. सुटून आलेल्यांपैकी अनेकांची घरं-दुकानं हातची गेलेली. मग कुणी टोरांटो गाठलं, कुणी आणखी कुठे. शाळेत त्या युद्धाचा धडा आम्ही शिकलो, पण त्यात देवळी नव्हती. ती असायला हवी होती. जे गेले त्यांचं आपण देणं लागतो, असं मला वाटतं.

जे राहिले त्यांनी बाजार सोडला नाही. ब्लॅकबर्न लेनमधल्या तुंग ऑन मंदिरात वरच्या मजल्यावर युद्धदेव क्वान ती आहे. खाली पूर्वी 1924 साली सुरू झालेलं नानकिंग हॉटेल होतं. छातावाला गल्लीत सी इप मंदिर, 1905 सालचं. बाहेरच्या पाटीवर दोन्हींना 'चर्च' म्हटलंय, आत मात्र उदबत्त्यांचा धूर.

साडेआठला मी परतलो, तेव्हा आजी भांडी आवरत होत्या. त्यांना विचारलं, नववर्षाला इथे काय असतं? सिंहनाच असतो, फटाके असतात, म्हणाल्या, आणि आम्ही सगळे अचिपूरला जातो. तिथे हुगळीकाठी तोंग अच्यूची घोड्याच्या नालासारखी लाल कबर आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात जमीन मिळवून त्याने साखरेचा कारखाना काढला, बंगालमध्ये येऊन वसलेला तो पहिला चिनी माणूस. गाव त्याच्याच नावाने ओळखलं जातं. बसने दोनेक तास लागतात, फेब्रुवारीत या, आजींनी सांगितलं, आणि उरलेले दोन बाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.