शंभर प्रश्नांची परीक्षा

आमच्या परिचयाच्या सुशिक्षित घरांत ज्या घरचें कोणीच अमेरिकेंत नाहीं असें घर हल्लीं शोधावें लागतें. साहजिकच त्या देशाविषयीं आपल्या बैठकींतून बोलणें पुष्कळ होतें. तेथें थंडी किती पडते, घरभाडें किती बसतें, विमानास किती तास लागतात, हें सर्व घरांतील वडीलधाऱ्या बायकांनाही मुखोद्गत असतें. परंतु ज्या भूमीवर आपलीं मुलें संसार मांडून बसलीं आहेत तिचा इतिहास विचारावा, तर कोलंबस, वॉशिंग्टन आणि लिंकन अशीं तीन नांवें येतात, आणि तिसऱ्या नांवानंतर गाडी जी निघते ती एकदम चंद्रावर जाऊन उतरते.

यांत लोकांना बोल लावण्यांत अर्थ नाहीं. आमच्या विद्यार्थिदशेंत इंग्लंड व युरोप यांचा इतिहास पंगतीभर वाढला जाई आणि अमेरिकेचा तोंडीं लावण्यापुरता. पुढें ज्यानें त्यानें आपली भूक आपणच भागवावयाची. तेव्हां आपणांस या विषयांतलें कितपत येतें हें ज्याचें त्यानें कसें पाहावें, आणि कमी येत असेल तर काय करावें, हा प्रश्न आम्हांस निव्वळ शाळेंतला वाटत नाहीं.

सनावळीचा तिरस्कार करणें ही अलीकडे विद्वत्तेची खूण होऊन बसली आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा आणि राज्यघटना १७८७ ची, हें ज्याला ठाऊक आहे त्यालाच मधल्या अकरा वर्षांत काय झालें असें विचारण्याची बुद्धि होते. आणि तसें विचारल्यावांचून त्या तेरा संस्थानांचा पहिला सैल संघ कां चालला नाहीं, मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं १७८६ सालीं बंड कां केलें, हें कळावयाचें नाहीं. सन म्हणजे खुंटी. खुंटीवर कांहीं टांगावयाचेंच नसेल तर ती भिंतींत ठोकण्याचे श्रम मात्र व्यर्थ.

आमची एक पुतणी न्यू जर्सींत असते. २०२४ सालीं तिनें तेथील नागरिकत्वासाठीं अर्ज केला. अशा अर्जदारांची एक तोंडी परीक्षा होते. तिच्या वेळीं २००८ सालची यादी प्रचारांत होती : शंभर प्रश्न आधींच छापून हातीं दिलेले, अधिकाऱ्यानें त्यांतील दहापर्यंत विचारावयाचे, आणि सहा बरोबर आले कीं उमेदवार उत्तीर्ण. (२०२५ च्या ऑक्टोबरापासून नव्या अर्जदारांसाठीं यादी १२८ प्रश्नांची झाली, विचारावयाचे वीस व बरोबर यावयाचे बारा.) प्रश्नांबरोबर उत्तरेंही छापलेलीं असतात हें ऐकून आमचे विद्यार्थी त्या देशाविषयीं फार आदरानें बोलूं लागले.

आमचे बंधु या प्रकरणीं महिनाभर गप्प होते. परक्या देशाचें नागरिकत्व घेतलें कीं आपल्या कायद्याप्रमाणें भारताचें सुटतें. त्यांनीं मुलीस एवढेंच विचारलें, "पासपोर्ट परत द्यावा लागेल ना?" ती म्हणाली, "हो, बाबा." एवढ्यावर तो विषय घरांत मिटला, म्हणजे मिटला नाहीं. तयारीसाठीं ती दर रविवारीं आम्हांस फोन करी आणि आम्ही यादींतले प्रश्न विचारीत असूं. बंधु शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसत.

एका रविवारीं असा प्रश्न आला : यादवी युद्धास कारण झालेली एखादी बाब सांगा. छापील उत्तरें तीन आणि तिन्ही सारखींच ग्राह्य : गुलामगिरी, आर्थिक कारणें, संस्थानांचे हक्क. पुतणीनें विचारलें, "काका, यांतलें मीं कोणतें सांगूं?" आम्ही म्हटलें, "परीक्षेपुरतें पहिलें सांग. राहिलेल्या दोहोंविषयीं पुढच्या रविवारीं बोलूं." तें बोलणें चार रविवार पुरलें.

संस्थानांचे हक्क हें उत्तर ऐकावयास भारदस्त आहे. पण पहिल्यानें फुटून निघालेल्या दक्षिण कॅरोलिनानें १८६० च्या डिसेंबरांत आपलीं कारणें लेखी प्रसिद्ध केलीं आहेत. त्यांतली मुख्य तक्रार ही कीं, आमचे पळून गेलेले गुलाम उत्तरेकडील संस्थानें परत करीत नाहींत, उलट त्यांच्या परत पाठवणीच्या आड येणारे कायदे करितात. म्हणजे उत्तरेच्या संस्थानांनीं आपले हक्क वापरले, हेंच दक्षिणेचें गाऱ्हाणें! मध्यवर्ती सरकारकडून १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा करवून घेऊन तो उत्तरेच्या छातीवर बसविणाऱ्यांना दहाच वर्षांत संस्थानांच्या हक्कांचा एवढा कळवळा यावा, हें पाहण्यासारखें आहे. मिसिसिपीचा लेख तर आडपडदा न ठेवतां आपलें सर्वस्व गुलामगिरीशीं बांधलेलें आहे असें सांगतो.

याहून मौजेचा साक्षीदार म्हणजे अलेक्झांडर स्टीफन्स. हा बंडखोर संघाचा उपाध्यक्ष. १८६१ च्या मार्चांत सव्हाना येथें केलेल्या भाषणांत यानें आपल्या नव्या राज्याची कोनशिला कोणती तें उघड सांगितलें : काळा मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाहीं आणि दास्य हीच त्याची स्वाभाविक स्थिति. युद्ध हरल्यावर याच गृहस्थानें दोन जाडे खंड लिहिले, आणि त्यांत झगडा खरा संस्थानांचे हक्क व मध्यवर्ती सत्ता यांच्यामधला होता असें प्रतिपादिलें. वकिलाच्या भाषेंत बोलावयाचें तर साक्षीदार उलटला. न्यायाधीश अशा वेळीं पहिली साक्ष अधिक धरतो, आणि इतिहासकारानेंही तसेंच करावें. कारण पहिली साक्ष दिली तेव्हां तिची लाज वाटण्याचें कारण अजून उत्पन्न झालें नव्हतें.

आर्थिक कारणें हें उत्तर चूक नाहीं. तें अर्धें आहे. १८६० च्या सुमारास त्या देशाच्या निर्यातीपैकीं निम्म्याहून अधिक किंमत एकट्या कापसाची होती, आणि तो कापूस वेंचणारे हात गुलामांचे होते. गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरांत गेली होती. या अर्थकारणाची झळ आणि ऊब दोन्ही आपल्या मुंबईनें अनुभविलीं आहेत. दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं गेलीं तेव्हां इंग्लंडच्या गिरण्यांनीं आपल्याकडचा कापूस वाटेल त्या भावानें उचलला, मुंबईंत पैशाचा पूर आला, समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांच्या भागांवर शहाणीं माणसें वेडीं झालीं. आणि १८६५ सालीं तिकडे लढाई थांबतांच इकडे दिवाळीं वाजलीं. तेव्हां कारण आर्थिक होतेंच. पण अर्थ कशाचा, असें विचारलें कीं पुन्हां पहिल्याच उत्तरापाशीं येऊन उभें राहावें लागतें.

आमच्या मतें कोणत्याही इतिहासांतलें आपलें ज्ञान तपासण्याची रीत हीच आहे : छापील उत्तर बरोबर आल्यावर तेथें न थांबतां त्याला आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. लिंकननें १ जानेवारी १८६३ रोजीं गुलामांस मुक्त केलें, हें बरोबर. कोणत्या गुलामांस? बंडखोर मुलखांतल्या. मेरिलँड, डेलावेअर, केंटकी व मिझुरी हीं संस्थानें गुलाम बाळगूनही संघांत राहिलीं होतीं. त्यांतल्या गुलामांस त्या जाहीरनाम्यानें कांहींच मिळालें नाहीं. सगळ्या देशांतलें दास्य १८६५ च्या डिसेंबरांत तेराव्या घटनादुरुस्तीनें संपलें.

किंवा असें विचारावें : १७८७ च्या मूळ घटनेंत गुलाम हा शब्द किती वेळां येतो? एकदांही नाहीं. लोकसंख्या मोजतांना त्यांना पांचांत तीन धरण्याचें कलम आहे, त्यांची आयात १८०८ पर्यंत बंद करूं नये असें कलम आहे, पळालेल्यास परत करावें असेंही आहे. पण तिन्ही ठिकाणीं त्यांना नुसत्या 'व्यक्ति' म्हटलें आहे. फिलाडेल्फियास जमलेल्या त्या पंचावन्न जणांना शब्दांचें भान चांगलें होतें. तो शब्द लिहावयास त्यांना संकोच वाटला, वस्तु ठेवावयास वाटला नाहीं. ही घटना सगळी मिळून सुमारें साडेचार हजार शब्दांची आहे. एका दुपारीं वाचून होते. अमेरिकेच्या इतिहासावरील जाडजूड ग्रंथ आणून कपाटांत ठेवण्यापेक्षां ती दुपार आम्ही अधिक मोलाची समजतों. तिच्या जोडीला फ्रेडरिक डग्लस यानें स्वतःच्या दास्याची १८४५ सालीं छापलेली हकीकत वाचावी. तीही लहानच आहे.

शंभरांच्या त्या यादींत आम्हांस एक प्रश्न सांपडला नाहीं. या परीक्षेस बसण्याचा अधिकार कोणाला, हा तो प्रश्न. १७९० च्या कायद्यानें नागरिकत्वाचें दार फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' परदेशीयास उघडें ठेविलें. १८७० सालीं तें आफ्रिकन वंशाच्या लोकांस उघडलें. आशियाचा मनुष्य दोहोंतही बसेना. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यास १९१० सालीं न्यायालयानें गोरा ठरविलें. पण पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत राहिलेल्या भगतसिंग थिंड या शीख गृहस्थास १९२३ सालीं तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें गोरा नव्हे असें ठरविलें, आणि त्या निकालाच्या आधारें ज्या हिंदी लोकांना नागरिकत्व मिळालें होतें त्यांपैकीं अनेकांचें काढून घेण्यांत आलें. वैष्णोदास बागाई यांनीं त्या दुःखांत १९२८ सालीं जीव दिला. हिंदी लोकांना नागरिक होण्याची मोकळीक १९४६ सालीं मिळाली. तीबरोबर नव्यानें येणाऱ्यांची मर्यादा ठरली वर्षास अवघी शंभर.

हें ऐकून पुतणी बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "काका, म्हणजे हा इतिहास मीं शिकायचा, आणि त्यांत मींही आहें." शेजारच्या खोलींत वर्तमानपत्राचा आवाज थांबला होता.

आपल्याकडच्या वाचनालाही या ज्ञानाचा उपयोग आहे. महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण १८७३ या सनाकडे नीट पाहावें. पंधराव्या दुरुस्तीस तीनच वर्षें झालीं होतीं. हायरम रेव्हल्स हा काळा गृहस्थ मिसिसिपीचा प्रतिनिधि म्हणून सेनेटांत बसून आला होता. आशेचें पाणी त्या वेळीं चढलेलें होतें. १८७७ सालीं दक्षिणेंतल्या बंदोबस्ताची फौज मागें घेतली गेली आणि पुढें मतदानावर कर बसवून व साक्षरतेच्या परीक्षा घेऊन काळ्यांना मतपेटीपासून दूर ठेवण्यांत आलें. कोणास कोणता प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर बरोबर कीं चूक, तें नोंदणीचा गोरा अधिकारी ठरवी. परीक्षा हें हत्यार त्या देशांत असेंही वापरलें गेलें आहे.

तें हत्यार १९६५ च्या ऑगस्टांतील मतदानहक्काच्या कायद्यानें बोथट झालें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मूळ देश पाहून ठरविलेले प्रवेशाचे कोटे मोडणारा कायदा झाला. आपल्याकडचीं एवढीं मुलें तेथें जाऊं शकलीं तीं त्या कायद्यानंतर. दोहोंवर सही अध्यक्ष जॉन्सन यांची. हे दोन कायदे दोन महिन्यांच्या अंतरानें झाले, हें पुतणीनें स्वतः हुडकून काढलें आणि आम्हांस कळविलें. यथावकाश तिची परीक्षा झाली, शपथ झाली. पासपोर्ट परत गेला. रविवारचे फोन मात्र बंद पडले नाहींत. आतां बंधूही खुर्ची ओढून जवळ बसतात, कलमें ते मोठ्यानें वाचतात, आणि सध्यां आम्ही चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमावर आहों.