शेंडा थांबतो की चालतो?

फुलांवर लिहिणे हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा जन्मसिद्ध हक्कच समजला जातो. वार्षिकांक उघडावा तो कुठे मोगरा दरवळत असतो, कुठे प्राजक्ताचा सडा पडलेला असतो. पण ही फुले झाडावर बसतात कशी, कोण आधी उमलते आणि कोण मागून, हा प्रश्न आपण विज्ञानशाखेच्या वर्गात सोडून आलो आहोत. मला मात्र तो आपलाही प्रश्न वाटतो. कारण त्याचे अर्धे उत्तर आपल्या भाषेतच आहे.

तुळशीला आपण फुले आली असे म्हणत नाही, मंजिऱ्या आल्या म्हणतो. आंब्याला मोहोर येतो, ज्वारीला कणीस, गव्हाला ओंबी, उसाला तुरा. यांतले एकही नाव एकट्या फुलाचे नाही. ती सारी फुलांच्या मांडणीची नावे आहेत! या मांडणीला मराठी विश्वकोशात ‘पुष्पबंध’ म्हटले आहे, आणि तिचे प्रकार सांगताना शास्त्रानेही मंजरी, कणिश हे आपलेच शब्द हाती घेतले आहेत.

आमच्या केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायक आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले तेही इथेच, अशी गावाची श्रद्धा. गणपतीपुढच्या पूजेच्या ताटात नीट पाहिले तर पुष्पबंधाचा पहिला धडा तिथेच मिळतो. जास्वंद देठावर एकटीच, तिला शेजार नाही. झेंडू एक फूल दिसतो, पण ती अवघी वस्ती आहे. पाकळी म्हणून आपण जी उपटतो ते स्वतंत्र फूल असते आणि त्याच्या बुडाशी होऊ घातलेले बी असते. अशा दाटीला स्तबक म्हणतात. दूर्वा आपण कोवळ्या वाहतो, म्हणून तिचा फुलोरा सहसा दिसत नाही. बांधावर ती वाढू दिली की एका टोकातून चार-पाच बारीक कणसे हाताच्या बोटांसारखी पसरतात.

प्रकार पुष्कळ आहेत, पण ओळखायला सुरुवात एकाच प्रश्नाने करावी: शेंडा थांबतो की चालतो? शेंडा वाढतच राहिला आणि बाजूंना फुले येत गेली, तर तो अकुंठित पुष्पबंध. त्यात बुडाचे फूल थोरले आणि शेंड्याची कळी धाकटी. शेंड्यावरच फूल येऊन त्याची वाढ संपली, तर तो कुंठित. मग पुढची वाढ बाजूच्या कळीकडे जाते. मोगऱ्याच्या तीन कळ्यांत मधली आधी उमलते ती यामुळेच.

बहावा मात्र पाहणाऱ्याची परीक्षा घेतो. त्याच्या लोंबत्या घोसात वरची फुले उमललेली आणि खाली नुसत्या कळ्या. नियम उलटला की काय, असे वाटते. पण घोसच उलटा टांगलेला! त्याचे बूड वर आहे. म्हणून वर-खाली न पाहता बूड आणि शेंडा पाहावा.

हे सारे वहीत राहिले असते तर मी त्यावर लिहिले नसते. आमच्याकडे मात्र यावर घर चालते. मोठे बाबा पऱ्हाटीत उभे राहून सांगतात, “हे पाय पोरी, वाकडीतिकडी चालते थे फळफांदी. अन् सरळ वरतं जाते थे गळफांदी. थे नुसती खाते.” कपाशीची फळफांदी वाकडी का? दर पेऱ्याला तिचा शेंडा एका फुलात संपतो आणि पुढची वाढ बाजूची कळी उचलते. तिथून वळण पडते. गळफांदीचा शेंडा थांबत नाही. ती पानांचा पसारा वाढवते, बोंडे धरते ती उशिरा आणि थोडी. म्हणूनच कित्येक शेतकरी गळफांदी लवकर काढून टाकतात. कुंठित-अकुंठित हे शब्द मोठ्या बाबांनी ऐकलेले नाहीत, पण भेद त्यांना पुरता ठाऊक आहे.

तुरीचेही तसेच. आपल्याकडच्या नेहमीच्या तुरीचा शेंडा चालता असतो, फुले टप्प्याटप्प्याने येतात. ढगाळ हवेने पहिला बहर गळाला, तरी पुन्हा फुलण्याची आशा उरते. ज्या वाणांचा शेंडा फुलोऱ्यातच संपतो, त्यांचा बहर एकदम येतो. काढणीला सोय, पण त्याच दिवसांत अळी आली किंवा हवा फिरली तर बहुतेक सगळेच हातचे जाते. शेंडा थांबतो की चालतो, यावर असे वर्षाचे गणित फिरते.

विदर्भात ज्वारीची बरीच शेते सोयाबीनखाली गेली. आता लहान मुलांना कणीस म्हटले की मक्याचेच आठवते. पीक गेले की त्याचा शब्द मागोमाग जातो, आणि शब्दासोबत ती पाहण्याची नजरही. विज्ञानशाखेने पुष्पबंध शिकवावेत, ते तिचे कामच आहे. पण मंजरी, मोहोर, ओंबी, तुरा, फळफांदी, गळफांदी हे शब्द जपणे आपल्या वाट्याचे आहे. त्यासाठी कविता लिहिता आलीच पाहिजे असे नाही. बांधावर थांबून थोरले फूल कोणते आणि धाकटे कोणते, एवढे पाहता आले तरी पुरे.