भाता

आमच्या बोरगाव मेघेच्या घरात अब्बांची पेटी आहे. अब्बा दिवसभर वर्ध्यात शिलाई मशीनवर बसत आणि रात्री कुठे कव्वाली असली की साथीला जात. गिरडच्या टेकडीवर, फरीदबाबांच्या दर्ग्यावर, ही पेटी एसटीच्या टपावरून कितीदा गेली असेल याचा हिशेब नाही. अब्बा नावाजलेले वाजवणारे नव्हते. पण सूर चुकलेला त्यांना झोपेतही कळायचा.

हातपेटीची एक मर्यादा आम्हाला मुलगी वाजवू लागेपर्यंत कधी जाणवली नव्हती. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर, म्हणजे गाण्यासाठी हात एकच. नाटकवाल्यांकडे पायपेटी असे, तिथे दोन्ही हात मोकळे. आमच्यासारख्यांच्या घरी हातपेटीच.

आमची धाकटी सहा वर्षांची असताना ईदीच्या पैशांत भर घालून आम्ही तिला ६१ पट्ट्यांचा कॅसिओ आणून दिला. खेळणं म्हणूनच आणला होता. एका संध्याकाळी पाहिलं, तर ती उजव्या हाताने ओळखीची चाल वाजवत होती आणि डाव्या हाताने खाली काही वेगळंच, पण ते वरच्या सुरांना बरोबर जुळत होतं. कुणी शिकवलं नव्हतं. अब्बा बाजेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "इसका बायां हाथ खाली है, इसलिए बोल रहा है." पुढच्या वर्षी अब्बा गेले. त्यांचं हे वाक्य मात्र आम्हा दोघांना कामाला लावून गेलं.

वर्ध्यातल्या एका संगीत शिक्षकांनी सांगितलं की हिला पियानो शिकवा. सांगणं सोपं होतं. आमच्या माहितीत गावात पियानो एकही नव्हता. मग दर रविवारी नागपूर. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, आणि मधे पाऊण तासाचा धडा. रविवारी दुकान बंद ठेवावं लागे, तो तोटा वेगळा.

दहाव्या वर्षी तिला मुंबईच्या एका स्पर्धेत घेऊन गेलो. इथे आमची चूक झाली, आणि ती आमच्या अज्ञानाची होती. खऱ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी असते, ती तारेवर आपटते, म्हणून पट्टी जड लागते आणि जितका जोर तितका आवाज, हे बोटांनी कधी अनुभवलंच नव्हतं. नागपूरला धडा व्हायचा तोही हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर. मंचावर तिने सुरुवात केली आणि निम्मे सूर उमटलेच नाहीत. दुसऱ्या ओळीत ती थांबली, आमच्याकडे बघितलं, पुन्हा वाजवू लागली. खाली बसलेल्या मुलांच्या घरी पियानो होते. त्यांच्यातली दोन-तीन खरोखर चांगली वाजवत होती, हेही कबूल करायला हवं. परतीच्या गाडीत ती बडनेऱ्यापर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "अब्बा, वो पट्टियां बहोत भारी थीं." बोटं दाखवली. तिची आई खिडकीबाहेर बघत राहिली.

त्याच स्पर्धेतल्या एका परीक्षकांनी पुढे तिला बाहेरदेशच्या पाहुण्या वादकाच्या वर्गात बसवलं. अशा वर्गात गुरू सगळ्यांदेखत एकेकाला थोडा वेळ शिकवतो. हिच्या वाट्याला वीस मिनिटं आली. त्या बाईंनी तिला चारच मात्रा वाजवायला लावल्या, पुन्हा पुन्हा, आणि सांगितलं, फक्त डावा हात ऐक. अब्बांचीच गोष्ट, दुसऱ्या भाषेत! त्या वीस मिनिटांत ती जे शिकली त्यावर तिने वर्ष काढलं. मात्र पुढची वीस मिनिटं आजवर मिळालेली नाहीत.

शिष्यवृत्तीचीही चौकशी केली. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची योजना १९८२ पासून आहे, दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. पण तिचा भर आपल्या पारंपरिक कलांवर आहे. लंडनच्या मंडळांच्या परीक्षा आहेत, आठ श्रेणींच्या. त्या प्रमाणपत्र देतात. वाद्य कोण देणार? मुंबईत मेहली मेहतांच्या नावाची संस्था १९९५ पासून मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते. गोव्यात २००९ पासून चाइल्ड्स प्ले ही संस्था गरीब मुलांच्या हाती वाद्यं देते. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये संगीतशाळा काढली. तिथेच शिकलेला लिडियन नादस्वरम २०१९ मध्ये अमेरिकेतली दहा लाख डॉलरची स्पर्धा जिंकला तेव्हा आमच्या धाकटीने त्याचं वाजवणं मोबाईलवर इतकं पाहिलं की नेटपॅक संपला. पण लिडियनचे वडील स्वतः संगीतकार. आमच्या घरी टाचणी आणि कात्री.

हे सगळं मनात घोळत असताना आम्हाला सारखे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आठवतात. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. फी देऊ न शकणारी मुलं त्यांच्याकडेच राहत, जेवत, शिकत; बदल्यात आठ वर्षं टिकून शिकण्याचा करार. खर्च भागवायला खाँसाहेब विद्यार्थ्यांना घेऊन तिकिटाचे जलसे करीत. (त्यांचा टिपू नावाचा कुत्राही सुरात ओरडायचा आणि लोक तेही तिकीट काढून ऐकत!) गुणी पोराला आधी दोन वेळची भाकरी आणि मग तालीम, हे त्यांनी ओळखलं होतं. शाळेच्याही आधी कुंदगोळच्या रामभाऊला त्यांनी शिकवलं, तो सवाई गंधर्व झाला, आणि त्याच्याकडून भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल शिकले. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. स्पर्धा एका दिवसाची, आठ वर्षं सांभाळणारं कोण, हा प्रश्न आम्ही ओळखीच्या सगळ्यांना विचारून झाला.

मोहल्ल्यात कुजबुज झालीच. कुणी म्हणालं, अंग्रेजांचा बाजा. त्यांना आम्ही सांगितलं की पेटीही युरोपातूनच आली आणि आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. पण फुफूजानचं बोलणं अवघड गेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सिखाओ. मगर ससुरालवाले घर में रखने देंगे क्या इत्ता बडा बाजा?" फुफूजान स्वतः लहानपणी गात असत. त्यांना विचारायचं राहून गेलं की कधी थांबल्या.

गेल्या वर्षी प्लॉटसाठी ठेवलेल्या पैशांतून जुना, जड पट्ट्यांचा विजेवरचा पियानो घेतला. प्लॉट राहिला. तिच्या आईने हा निर्णय घेतला, आम्ही फक्त मान हलवली.

उन्हाळी वादळात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते. त्या रात्रीही गेली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा स्पर्धा. धाकटीने मुकाट्याने अब्बांची पेटी ओढली, पुसली, आणि आम्हाला म्हणाली, "भाता तुम हिलाओ." आम्ही मागे बसून भाता हलवू लागलो. तिचे दोन्ही हात पट्ट्यांवर. पेटीला साडेतीनच सप्तकं. डावा हात खाली जाता जाता पट्ट्या संपल्या की उरलेले सूर ती तोंडाने म्हणत होती. आमचा हात दुखू लागला तसा भाता तिच्या आईने घेतला.