तीस यार्ड: नजरेचे आणि लेझरचे

आमच्या मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार करायचा मोसम १ ऑक्टोबरला उघडतो. सप्टेंबर लागला की शिकारसामानाच्या दुकानात अंतर मोजणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे रेंजफाइंडरच्या कपाटापुढे माणसं घुटमळायला लागतात. खोक्यांवर ठळक आकडे असतात: हजार यार्ड, दीड हजार यार्ड. बाण मारायचा असतो वीस-तीस यार्डांवरून! ते आकडे वाचले की मला ऐंशीच्या दशकातला आमचा धनुर्विद्या क्लब आठवतो. तिथे अंतर सांगायला ज्याचे त्याचे डोळे होते आणि खात्री करायला ज्याची त्याची पावलं.

उन्हाळ्यातल्या रविवारी मंडळी रानात निघायची. पुढचा माणूस थांबून एखाद्या कुजक्या बुंध्याकडे बोट करायचा. प्रत्येकाने आधी अंतर बोलायचं, मग बोथट टोकाचा बाण सोडायचा, मग सगळ्यांनी पावलं मोजत बुंध्यापर्यंत जायचं. सर्वांत जास्त चुकेल त्याच्याकडे कॉफी. या खेळात रान कसं फसवतं ते कळायचं. ओढ्यापलीकडची वस्तू आहे त्याहून जवळ भासते, पाइनच्या अंधाऱ्या झाडीतली लांब. पाडस लांबचं वाटतं, कारण आपण त्याला मोठ्या हरणाच्या मापाने मोजत असतो. जुने लोक एक युक्ती सांगत: हरणाकडे बघूच नका, अर्ध्या वाटेवरचं झाड पकडा, तिथवरचे यार्ड मोजा आणि दुप्पट करा. हे शिकवणाऱ्यांत निवृत्त कारखाना कामगार होते, एक शाळामास्तर होते. भारतातून आलेल्या माणसाला धनुष्य म्हणजे रामायण-महाभारत एवढंच ठाऊक असणार, असं त्यांनी धरलेलं होतं आणि माझ्या बाबतीत ते खरंच होतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषयच संपवला होता.

या मंडळींचं दैवत म्हणजे फ्रेड बेअर. बोर्सालिनो हॅट घालणारा हा उंच, किडकिडीत माणूस १९२७ साली डेट्रॉइटमध्ये आर्थर यंगचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट बघून धनुष्याच्या नादी लागला आणि १९४७मध्ये त्याने आपला कारखाना मिशिगनच्याच ग्रेलिंग गावी नेला. आर्थर यंगचा जोडीदार सॅक्स्टन पोप हा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉक्टर. तो धनुष्य शिकला इशीकडून. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला हा शेवटचा माणूस १९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला एकटाच, उपाशी अवस्थेत सापडला होता. इशीचं कौशल्य लांबून मारण्यात नव्हतं, सावजाच्या जवळ पोचण्यात होतं. आमच्या क्लबातले म्हातारेही तेच घोकवत: अंतराची शंका आली तर बाण सोडू नका, जवळ जा नाहीतर घरी जा.

त्यामागे साधा हिशेब होता. टोकं पुढे वळलेल्या जुन्या रिकर्व्ह धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण १८० फूट जातो. हरीण तीस यार्डांवर असताना तुम्ही ते वीसवर धरलंत, तर बाण सव्वा फूट खाली लागतो. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम आठ-दहा इंचांची. म्हणजे पाय मोडलेलं हरीण झाडीत नाहीसं होणार.

मग कंपाउंड धनुष्य आलं. मिझुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलनला त्याचं पेटंट १९६९मध्ये मिळालं. कप्प्यांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो, आणि आजचा बाण सहज २८० फुटांच्या वेगाने जातो. तीच वीस-तीसची चूक आता पाच-सहा इंचांवर आली. यामुळे अंतराची काळजी कमी व्हायला हवी होती. झालं उलटं. वेग मिळाला तशी माणसं मागे सरकली, चाळीस-पन्नास यार्डांवरून मारू लागली. आणि चाळीसला तीस समजण्याची चूक पुन्हा सात-आठ इंचांची! रेंजफाइंडरची गरज निर्माण केली ती या हावेने, असं माझं मत आहे.

सुरुवातीचे रेंजफाइंडर आरशांचे होते. डोळा लावला की एका हरणाच्या दोन प्रतिमा दिसत. चकती फिरवून त्या एकावर एक आणायच्या आणि चकतीवरचा आकडा वाचायचा. बॅटरी नाही, आवाज नाही. पण तेवढ्यात हरीण दोन पावलं पुढे गेलेलं असायचं आणि तिन्हीसांजेला प्रतिमाच पुसट व्हायच्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हातात धरायचे लेझरचे रेंजफाइंडर दुकानांत आले आणि हा खटाटोप संपला. तीस यार्डांवर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा सुमारे पंचावन्न लाखावा भाग पुरतो. बटण दाबलं की आकडा.

आज नवं पोर विचारतं, कोणता घेऊ? खोक्यावरचा हजाराचा आकडा चकचकीत पृष्ठभागासाठी असतो. हरणाच्या केसाळ अंगावर तो कितीतरी खाली येतो, आणि धनुष्यवाल्याला साठाच्या पुढे त्याचा उपयोगही नाही. बघायचं ते निराळंच. मिशिगनमध्ये सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार चालते आणि हरीण नेमकं त्या कडेच्या वेळांत बाहेर पडतं. भिंगातले आकडे काळे असतील तर अंधुक झाडीवर ते दिसतच नाहीत; लाल, स्वतः उजळणारे आकडे हवेत. दुसरं, फांद्यांच्या जाळीतून बघताना यंत्राने पुढचं गवत मोजायचं की मागचं हरीण, हे ठरवायची सोय हवी. कोनाची दुरुस्ती हवी का? कोलोराडोच्या डोंगरात एल्क या मोठ्या हरणामागे जाणाऱ्याला हवीच: तीस अंशांच्या उतारावर चाळीस यार्डांचं हरीण बाणाच्या दृष्टीने साडेचौतीस यार्डांवर असतं. आमच्या सपाट रानात, वीस फूट उंच मचाणावरून वीस यार्डांवर बघताना फरक पडतो एका यार्डाचा. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

आता तर धनुष्यावरच बसणारे, अंतर मोजून नेमाचा ठिपका आपोआप दाखवणारे साइट्सही निघालेत. त्याच पोप आणि यंग यांच्या नावाच्या, धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या पोप अँड यंग क्लबाच्या विक्रमवहीत अशा यंत्राने केलेली शिकार धरत नाहीत. मलाही ते पटतं, पण हातातल्या रेंजफाइंडरला नाक मुरडणाऱ्या जुन्या मित्रांच्या पंगतीत मी बसत नाही. त्या रविवारांची मजा मोठी होती. अंदाज चुकल्यामुळे वाया गेलेल्या हरणांबद्दल मात्र आम्ही कधी कॉफीवर बोलत नसू.

तरीही लेझर एक गोष्ट सांगत नाही. चाळीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार बाणाच्या सुमारे तीन दशांश सेकंद आधी ऐकू येतो. तेवढ्यात ते पाय दुमडून खाली बसकण मारतं आणि अचूक मोजलेल्या अंतरावरचा बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो. वीस यार्डांवर त्याला याच्या निम्माच अवधी मिळतो. म्हणजे जवळ जाण्याचा इशीचाच नियम राहिला.

नजरेची परीक्षा अजून एका ठिकाणी टिकून आहे. जागतिक धनुर्विद्या महासंघाच्या थ्रीडी स्पर्धांत फोमच्या प्राण्यांची अंतरं जाहीर करत नाहीत आणि रेंजफाइंडरला बंदी असते. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले ते ठरलेल्या पन्नास मीटरवर. ही दुसरी परीक्षाही आपल्या पोरांनी द्यावी असं मला फार वाटतं.

रेंजफाइंडर घेणारच असाल तर दुकानात संध्याकाळी जा आणि तो दाराबाहेर नेऊन झाडांच्या सावलीत आकडा वाचता येतो का ते बघा. मचाणावर चढल्यावर हरीण यायच्या आधीच भोवतीच्या चार-पाच झाडांची अंतरं मोजून ठेवा, कारण हरीण समोर उभं असताना डोळ्याशी हात नेला की ते पळतं. जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. नोव्हेंबरच्या थंडीत ती बाहेर लवकर मान टाकते.