डोळे लाल होणे म्हणजे निष्ठा नव्हे

१४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत आम्हाला प्रिय आहे. एम.ए. करताना आम्हीही त्यात बसलो आहोत. अठरा तासांनंतर लाल डोळ्यांनी बाहेर पडताना जो अभिमान वाटला, तो आम्ही पुढे दहा वर्षे जपला. त्या अभिमानाची किंमत आमच्याबरोबर दुसऱ्या कुणालातरी मोजावी लागली, म्हणून हे लिहीत आहोत.

तळा तालुक्यात आमचे काम चालते. दिवसा वाड्या-वस्त्यांवर फिरणे, संध्याकाळी मोबाईलवर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे पाहणे, आणि रात्री वाचन-लेखन. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले. संध्याकाळी जळजळ, सकाळी पापण्या चिकटलेल्या, आणि मधूनच घळाघळा पाणी. एवढे पाणी येते, मग डोळे कोरडे कसे असतील, असे आम्हीच इतरांना विचारत होतो.

या काळात आमचे दोनदा चुकले. एक, आम्ही सहन केले. कार्यकर्त्याने कुरकुर करू नये, असा आमचा समज होता. दुसरे, चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानातून थेंब आणले. लाली उतरायची म्हणून तीच बाटली महिनोनमहिने आणत राहिलो. त्यात स्टेरॉइड आहे, हे बाटलीवर छापलेले होते. जगाचे कागद वाचणाऱ्या आम्ही तेवढे वाचले नाही.

त्यात घरातल्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "गेल्या जन्मीचं काही राहिलं असंल." आम्ही त्यांच्याशी वाद घातला. पण रात्री डोळे ठणकू लागले की मनात येई, आपण कुणाचे वाईट केले का? धम्म स्वीकारलेल्या घरातही जुना कर्मविपाक अजून कोपऱ्यात बसून आहे, हे तेव्हा कळले.

शेवटी एका मुलीच्या अर्जात बँक खात्याच्या क्रमांकातला तीन आम्हाला आठ दिसला. तिचे पैसे अडकले. दुरुस्ती होईपर्यंत फी उसनवारीवर भरावी लागली. ती आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. आमच्या सहनशीलतेचे बिल तिच्या घरी गेले होते.

मग एसटी धरून शहरातले सरकारी रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. पाच मिनिटांत पट्टी साधारण दहा मिलिमीटरहून जास्त भिजायला हवी. आमची तीन भिजली. त्यांनी समजावले ते असे: अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, तो पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून येतो. पडद्याकडे टक लावली की आपण पापण्या कमी मिटतो, अश्रू उडून जातात, डोळा चिडतो आणि चिडलेला डोळा पाणी सोडतो. ते पाणी डोळ्यावर टिकत नाही. स्टेरॉइडचे थेंब देखरेखीशिवाय चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो, म्हणून दाब तपासला. रक्तातली साखरही बघितली. दाब वाढलेला नव्हता. याला आम्ही नशीब म्हणणार नाही. जे तपासता येते ते तपासले, एवढेच.

आता वादाचा मुद्दा. धम्मपदाच्या अट्ठकथेतली पहिलीच गोष्ट चक्षुपाल थेरांची आहे. वर्षावासाचे तीन महिने आडवे व्हायचे नाही, असा त्यांचा निश्चय. डोळे बिघडले. वैद्याने नाकात सोडायला तेल दिले आणि ते पडून घ्यायला सांगितले. थेरांनी ते बसूनच घेतले. ज्या क्षणी अर्हत्पद मिळाले, त्याच क्षणी डोळे गेले. अट्ठकथा पुढे सांगते की पूर्वजन्मी ते वैद्य होते आणि त्यांनी एका स्त्रीला आंधळे केले होते. ही गोष्ट निष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. आम्हाला विचारायचे आहे: औषध आडवे होऊन घेतले असते तर कोणता धम्म बुडाला असता?

विनयपिटकातला महावग्ग पाहा. एका भिक्खूला डोळ्यांचा रोग झाला, तेव्हा बुद्धांनी अंजनाला परवानगी दिली. अंजन ठेवायला डबी आणि लावायला काडीसुद्धा. तिथे पूर्वजन्माची चौकशी नाही, उपचार आहे. आणि मागच्या जन्मीचे कर्म या जन्मी भोगावे लागते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारली आहे.

आमच्या तालुक्यातली कुडा लेणी ज्यांनी पाहिली, त्यांनी तिथले शिलालेखही समजून घ्यावेत. त्यात एक दान वैद्य सोमदेवाचे आहे. त्याचा बाप इसिरखित हाही वैद्य आणि उपासक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या डोंगरात वैद्याने संघासाठी लेणे कोरवले. धम्म आणि दवा यांची इथे जुनी ओळख आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता, शेवटच्या वर्षांत दृष्टीही मंदावत होती. त्यांचे कष्ट आपण सांगतो. पण १९५६ मध्ये लिहिलेल्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्याला जगवल्याचे श्रेय माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या उपचाराला दिले, तेही सांगायला हवे. तो ग्रंथ जागरणाबरोबर औषधानेही पुरा झाला.

कुणी म्हणेल, चळवळीत आरामाची भाषा कशाला? आमचे उत्तर: वीटभट्टीच्या धुळीत, चुलीच्या धुरात, तासन्‌तास टायपिंगच्या कामात ज्यांचे डोळे जळतात, त्यांना कुणी विश्रांती देत नाही. विश्रांती हाही वाटणीचा प्रश्न आहे. ज्याने स्वतःचे दुखणे लपवले, तो दुसऱ्याच्या दुखण्यासाठी काय भांडणार?

आमचा त्रास पूर्ण गेलेला नाही, आटोक्यात आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहतो. रात्री कोमट फडक्याने पापण्या शेकतो. डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रू वेळेवर घालतो, तेही आडवे होऊन. अर्ज भरताना आकडे मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो. त्यांचाही अभ्यास होतो.

येत्या जयंतीला अठरा तास जरूर बसा. पण आयोजकांनी दर तासाला पाच मिनिटे डोळे मिटण्यासाठी ठेवावीत, आणि जमल्यास त्याच दिवशी नेत्रतपासणी शिबिर घ्यावे. शिकायचे आहे ते आयुष्यभर.

जय भीम!