सांधलेली तार

दिल्लीच्या सरकारी वसाहतीत एकदोन हिवाळे काढलेल्या मराठी माणसाला विजेच्या उघड्या शेगडीची ओळख करून देण्याचे कारण नाही. पत्र्याची चौकट, तीत खोबणी पाडलेली भाजक्या मातीची पांढरी थाळी आणि त्या खोबणीत वेटोळी घालून निजलेली तार, एवढाच तिचा संसार. आता घरोघर गॅस आहे, इंडक्शनची काळी काच आहे. तरी डिसेंबर उजाडला म्हणजे माळ्यावरून ही शेगडी खाली उतरतेच. तिच्यावर पाणी तापते, पापड भाजले जातात, आणि रात्री तिच्याशेजारी पाय शेकीत बसले की बदलीच्या हुकुमाचाही थोडा विसर पडतो. तिचा अवगुण एकच. तिची तार तुटते. तुटलेली तार सांधता येते, हा गुण मानावा की त्याहून मोठा अवगुण, याविषयी मात्र आमच्या घरात दोन पक्ष होते.

सांधण्याची क्रिया सोपी आहे. प्लग उपसून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या क्वार्टरांत बटण कोणत्या तारेवर बसविले आहे याचा भरवसा धरता येत नाही. शेगडी थंड झाली की तुटलेल्या दोन्ही टोकांचे आकडे करून एकमेकांत अडकवावे आणि पकडीने घट्ट आवळावे. प्लग लावला की तार पुन्हा लाल होते. दोन पैशांचा खर्च न होता गेलेली वस्तू परत आली, या आनंदाला मध्यमवर्गीय संसारात तोड नाही.

ही तार निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची असते. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन संशोधकाला १९०६ साली तिचे पेटंट मिळाले, आणि तेव्हापासून टोस्टरपासून इस्त्रीपर्यंत साऱ्यांच्या पोटात ती जाऊन बसली. तापली म्हणजे तिच्या अंगावर क्रोमियमच्या गंजाचा एक पातळ, चिवट पापुद्रा धरतो आणि तो आतल्या धातूला हवेपासून राखतो. म्हणजे ही तार गंजते म्हणूनच टिकते! पण तापणे आणि निवणे यांच्या रोजच्या रहाटगाडग्यात तो पापुद्रा तडकतो, गळतो, नवा धरतो, आणि दर खेपेस आतली तार तसूभर बारीक होत जाते. त्यात दूध उतू गेले किंवा वरणाचे खारट पाणी सांडले, तर तो पापुद्रा अधिकच लवकर खचतो.

तार तुटली की लोक सांध्याला दोष देतात. मला तो अन्याय वाटतो. चांगला आवळलेला सांधा सहसा तुटत नाही; तार तुटते ती त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. याचे कारण शाळेतल्या विज्ञानातच आहे. आमची शेगडी एक हजार वॉटची. २३० व्होल्टच्या दाबाला तिच्या तारेचा विरोध सुमारे ५३ ओहम. दर सांध्यात दोनचार वेटोळी खर्ची पडतात. तीनचार सांध्यांत मिळून तारेचा दहावा हिस्सा गेला असे धरा. विरोध तितका उतरतो, वीज अधिक वाहते आणि शेगडी अकराशे वॉट ओढू लागते. वाढलेली ही उष्णता सोसायची मात्र उरलेल्या आखूड तारेने. हिशेब केला तर इंचाइंचावर पूर्वीच्या जवळजवळ सव्वापट भार पडतो. नव्या तारेलाही जो जड जावा, तो भार आपण झिजलेल्या तारेच्या डोक्यावर देतो. दुरुस्तीनंतर शेगडी ‘पहिल्यापेक्षा बरी तापते’ असे घरातली माणसे कौतुकाने सांगतात, त्यातले मर्म हे असे आहे.

मग तार बदलावी केव्हा? खोलीतला दिवा मालवून शेगडी पाहावी, असे मी म्हणेन. नव्या तारेचा लाल रंग आरंभापासून शेवटापर्यंत एकसारखा असतो. सांध्याची गाठ त्या लालीत काळी दिसली तर भिण्याचे कारण नाही. तेथे धातू दुहेरी असल्यामुळे ती कमी तापते. गाठ भोवतीच्या तारेपेक्षा उजळ दिसू लागली, तडतडू लागली, की पकड सैल झाली असे समजावे. वेटोळी एका ठिकाणी दाटीने बसून दुसरीकडे ताणली गेली असतील तर दाटीच्या जागी ती पिवळसर होतात, आणि पुढची तूट बहुधा तेथेच होते. पण माझा खरा विश्वास थंड तारेवर आहे. आकडा करताना तार निमूट वाकली तर तिच्यात अजून जीव आहे. पकडीत धरताच काडीसारखी कटकन मोडली तर तेथे वाद संपला.

आमच्या घरी मात्र तो तेथे संपत नव्हता. शेगडी अण्णांची. तेही केंद्र सरकारच्याच नोकरीत होते आणि ही शेगडी त्यांनी झांशीला असताना घेतली. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले; आई थोरल्या बहिणीकडे सांगलीला राहिली आणि शेगडी बांधलेल्या सामानात पडून राहिली. २०२४ च्या डिसेंबरात आई माझ्याकडे आली ती शेगडी घेऊनच. नऊपासून सहापर्यंत मी कचेरीत आणि आई घरात एकटी. सांध्याचा आकडा खोबणीतून जरासा वर आला आणि स्टीलच्या पातेल्याला टेकला, की पातेल्यातच वीज उतरते. तेच पातेले ती सांडशीने धरून उतरविणार. हे मी तिला दोनदा सांगितले. तिचे उत्तर ठरलेले होते : “अरे, तापतेय ना? मग झाले. अण्णांनी कितीदा सांधली होती.”

कचेरीत हा प्रश्न इतका बिकट नसतो. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ अन्वये एखादी वस्तू निरुपयोगी ठरवायची तर तिची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि तसे ठरविण्याचा अधिकार ती वस्तू खरेदी करण्यास जो सक्षम त्याचाच. आमच्या घरातला सक्षम अधिकारी हयात नव्हता. पण त्याने नोंदी मात्र ठेवल्या होत्या!

१४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या सकाळी, तीळ भाजता भाजता तार पुन्हा तुटली. मंद, सारखी आच मिळते म्हणून तीळ शेगडीवरच भाजायचे असा आईचा नेम. मी शेगडी उलटी केली, तेव्हा पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक, टाकोटाक अक्षरांत तारखा दिसल्या. ‘नवी तार २०-११-२०१७. सांधा ६-१-२०२०. सांधा २२-१२-२०२०. सांधा ३०-१-२०२१.’ अण्णांचा हात दौऱ्याच्या डायरीतही असाच चालत असे. मी पेन्सिल घेतली आणि त्याखाली आमच्या दोघांच्या कारकिर्दीतल्या तारखा लिहिल्या : २-१-२०२५, ११-१-२०२५, १४-१-२०२५. मग शेगडी आईपुढे ठेवली. पहिली तूट तिसऱ्या हिवाळ्यात, दुसरी वर्षाने, तिसरी सहा आठवड्यांच्या आत, आणि आता नऊ दिवस, तीन दिवस. चष्मा लावून तिने ती सारी रांग दोनदा वाचली. अक्षरावरून एकदा बोट फिरविले. मग म्हणाली, “त्यांनीसुद्धा ही बदललीच असती.”

माझे ओहम आणि व्होल्ट जेथे हरले, तेथे अण्णांच्या तारखांनी काम केले. तारेचा रंग, तिची गाठ यांत पाहणाऱ्याची नजर फसू शकते, सोय पाहून मनही फसते. दोन तुटींमधले अंतर आखडू लागले, की मात्र फसायला जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसला गेलो. बेगम समरूची ती जुनी हवेली आणि तिच्या भोवतीच्या गल्ल्या आज विजेच्या सामानाची पेठ झाल्या आहेत. दुकानदार हिला कॉइल न म्हणता ‘स्प्रिंग’ म्हणतात. चारसहा चहांच्या किमतीत घट्ट आवळलेले, चकचकीत वेटोळे मिळाले. घरी आईने थाळीच्या खोबणीतून दोरा फिरवून लांबी मापली. मी एक टोक खिळ्याला अडकवून तार सारख्या हाताने ओढली, दोऱ्यापेक्षा बोटभर कमीच, म्हणजे खोबणीत ती ताणून बसते आणि उठून वर येत नाही. चौकटीच्या आत नवी तारीख आईने आपल्या हाताने लिहिली. तिळगूळ द्यायला रथसप्तमीपर्यंत मुभा असते. आमचा १६ तारखेला झाला.